डासकाकांची काच

“बॅगा तिथेच ठेव! दाराच्या आत एक पाऊल टाकलंस तर आल्या विमानानं परत पाठवीन!”

इंग्लंडमधलं माझं हे पहिलं स्वागत. जानेवारी महिना, सकाळचे दहा, लंडनच्या कडेला पिनरमधला एक शहाणासुरता रस्ता, हिरवळीवर पांढरं हिव साचलेलं, आणि मी चांद्याच्या शिंप्यानं शिवलेल्या सफारी सूटमध्ये कुडकुडत उभा. ज्यांच्या घरातली माडीवरची खोली मी पत्रापत्रीनं भाड्यानं घेतली होती ते घरमालक दारात. सहा फूट उंच, काडीसारखे, डोक्यावर माकडटोपी, हातात टेबलटेनिसची बॅट.

“उघड. दोन्ही उघड. पसर सगळं हिरवळीवर.”

पसरलं. आईनं दिलेले सांडगे, तिखटाची बरणी, सहा बनियन, चार लेंगे, मावशीनं विणलेला मफलर. एकेक वस्तू ते बॅटनं उचलत, झटकत आणि कुंपणावर टाकत. समोरून कुत्रा घेऊन चाललेली एक इंग्रज बाई थांबली. माझे लेंगे पाहून तिनं आकाशाकडे पाहिलं, हवामानाबद्दल काहीतरी बरं बोलली आणि कुत्र्याला ओढत नेलं. मला कळेना, हा माणूस कस्टमवाला आहे की वेडा. तेवढ्यात त्यांनी खुलासा केला. सामानातून एखादी आली असेल तर या गारठ्यात तिला पंख हलवता येणार नाहीत. वीस मिनिटांत मरेल. आणि मीही वीस मिनिटं बाहेरच थांबायचं, कारण ती खिशातही बसलेली असू शकते.

एखादी म्हणजे डासीण.

पूर्वी ही गोष्ट सांगताना मी म्हणायचो की मला तासभर बाहेर उभं केलं. आता वय झालं, खरं बोलायला हवं. दीड तास. शेवटी आत घेतलं तेव्हा माझ्या मिश्यांवर बर्फ होता. स्वयंपाकघरात काकू उभ्या होत्या, ठेंगण्या, शांत, जाड चष्मा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “चहा गार झाला. दुसरा करते.” पुढच्या पाच वर्षांत काकू एका वेळी याहून जास्त क्वचितच बोलल्या.

शेजारच्या हॅरोपासून पुढे जिथे जिथे मराठी घर होतं तिथे तिथे या गृहस्थांना डासकाका म्हणत. तोंडावर काका. तरुणपणी ते नागपूरकडच्या मलेरिया खात्यात होते. गावोगाव सायकलनं फिरायचं, गोठ्यातले डास नळीनं ओढून बाटलीत भरायचे, तापकऱ्यांच्या बोटाला टोचून रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा. त्या पट्टीला अख्खं जग स्लाइड म्हणतं, पण काका शेवटपर्यंत ‘काच’च म्हणत. मग इथे आले आणि उष्ण देशांतल्या रोगांवर काम करणाऱ्या लंडनच्या एका संस्थेत डास पाळायच्या नोकरीला लागले. पाळायच्या म्हणजे अक्षरशः. बाहेर धुकं असो, बर्फ असो, त्यांच्या खोलीत बारा महिने नागपूरचा जुलै. जाळीच्या पिंजऱ्यात हजारो डासिणी. अंडी घालायची तर त्यांना रक्त लागतं, आणि ते पाजायची काकांची पद्धत सोपी होती. सकाळी आल्यावर डावी बाही वर करायची, हात पिंजऱ्यात घालायचा आणि उजव्या हातानं पेपर वाचायचा. वीस वर्षं. “माझ्या एका हातावर बारा जण डॉक्टरेट झाले,” ते सांगत. मी मोजले तेव्हा अकराच भरले. पण ते असो.

तो हात मी पाहिलाय. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी अशी, की वाळूवर पाऊस पडून गेलाय. आणि हाच माणूस जूनमध्ये घरात मोजे, पूर्ण बाह्या आणि गळ्यापर्यंत बटणं लावून बसे. संध्याकाळी कुठे गुणगुण ऐकू आली की बोलता बोलता गप्प होई आणि बॅट उचली. चेहऱ्यावरचा रंग उतरलेला स्पष्ट दिसे. मी एकदा धीर करून विचारलं, काका, वीस वर्षं रोज हजार डास चावून घेतलेत आणि एकाला घाबरता?

“त्या हजारजणी माझ्या घरच्या,” ते म्हणाले. “कुठे जेवल्या ते मला माहीत आहे. ही एकटी कुठून जेवून आली ते कोण सांगणार?”

हे त्यांनी इतक्या हळू आवाजात सांगितलं की माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. तोवर डास म्हणजे माझ्या लेखी टाळी वाजवायचं निमित्त. त्यानंतर मी पाच वर्षं पंखा, फ्रिज आणि मेट्रोपॉलिटन लाइनची ट्रेन, सगळ्यात तोच आवाज ऐकला.

भीती पसरवणं हे त्यांचं निवृत्तीनंतरचं पूर्ण वेळचं काम होतं. गार्डनमध्ये एक कुंडी सरळ ठेवायची सोय नव्हती, सगळ्या उपड्या. आमटी वाढायचा डाव घेऊन ते शेजारपाजारची पाणी साठलेली ठिकाणं धुंडाळत. तसला मासलेवाईक डाव मी पुढे कुठल्याही स्वयंपाकघरात पाहिला नाही, त्याला चार फुटांचा दांडा जोडलेला होता. शेजारच्या इंग्रज म्हाताऱ्या बाईनं पक्ष्यांना अंघोळीसाठी दगडी थाळी ठेवली होती, ती त्यांनी कुंपणावरून डाव घालून इतक्या वेळा उपसली की बाईनं कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, पत्र लिहिलं. कौन्सिलचा माणूस आला. काकांनी त्याला तासभर डावातल्या अळ्या दाखवल्या. पाण्यात तिरकी लोंबते ती साधी, पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून राहते ती मलेरियावाली. या देशातही मलेरियावाली आहे बरं का, झाडांच्या ढोलीतल्या पाण्यात वाढते, केंटच्या दलदलीत तर एके काळी माणसं थंडीतापानं पटापट मरत. बिचारा जाताना इतका पांढरा पडला होता की त्यानं बाईच्या तक्रारीचं नावही काढलं नाही. पुढच्या आठवड्यात त्या रस्त्यावरच्या जुन्या झाडांच्या ढोल्या कुणीतरी वाळूनं बुजवल्या. काका म्हणत कौन्सिलनं. वाळूची रिकामी पोती आमच्या शेडमध्ये होती.

शेडची तर मला धडकी होती. ऐन हिवाळ्यात ते मला तिथे नेत आणि छताच्या कोपऱ्याकडे टॉर्च धरत. तिथे डासिणी झोपलेल्या असत. मरगळलेल्या नव्हे, झोपलेल्या. पोटभर चरबी साठवून, भिंतीला चिकटून, वसंताची वाट पाहत. काका कानात सांगत, श्वास सोडू नकोस, त्यांना उबेचा आणि श्वासाचा वास येतो. मी श्वास कोंडून उभा. आणि हटकून त्यातल्या एकीचा मागचा पाय हले.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला एका शाळेचा हॉल घेत. जेवणं झाल्यावर कुणी गाणं म्हणे, कुणी नकला करी. काका एके वर्षी सूट-टायमध्ये स्टेजवर चढले आणि मलेरियाची डासीण कशी बसते हे करून दाखवलं. डोकं खाली, पार्श्वभाग वर, पंचेचाळीस अंशाच्या कोनात, पासष्टाव्या वर्षी. पहिल्या रांगेतल्या बायका उठून गेल्या. इथेच जन्मलेली पोरं मात्र गणपती विसरून टाळ्या वाजवत होती. मग काकांनी सगळ्यांना बजावलं, चावते ती बाई. पुरुष बिचारा फुलातला रस पिऊन जगतो. घरी परतताना गाडीत काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “रस पिऊन गप्प राहणारा पुरुष मी अजून पाहिला नाही.” काकांना ते ऐकू आलं नाही. ते पुढच्या गाडीचा नंबर मला वाचायला सांगत होते. अलीकडे त्यांना हा नादच लागला होता. गाड्यांचे नंबर, औषधांच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं, डावातल्या अळ्यांची संख्या, सगळं मला वाचायला लावायचं. “तुझी नजर तयार व्हायला हवी,” म्हणत. मला फार अभिमान वाटे.

आणि गोळ्या. त्या घराचा खरा कायदा तो होता. आपली इथली माणसं भारतात जाताना सगळ्यांसाठी सगळं नेतात, चॉकलेटं, परफ्यूम, शेव्हिंगची पाती, पण मलेरियाच्या गोळ्या घेत नाहीत. का, तर आम्ही तिथलेच. परदेशी लोकांना डास चावतो, आम्हाला काय होणार. या एका वाक्यानं काकांचं पित्त खवळे. दोन वर्षं बाहेर राहिलात की तुमचं रक्त ते सगळं विसरतं, डास मात्र काही विसरत नाही, असं ते ओरडून सांगत. त्यांच्या घरातून कुणीही भारतात गेलं की जायच्या आधी आठवडाभर, तिथे असेपर्यंत, आणि परत आल्यावर चार आठवडे गोळ्या. रविवारची मोठी कडू, रोजच्या दोन छोट्या. परत आल्यावर रिकामी पाकिटं त्यांच्या हातावर ठेवायची. माझ्या आधीचा भाडेकरू पुढे ब्रिस्टलला विमानांच्या कारखान्यात लागलेला हुशार पोरगा. त्याच्या पाकिटात तीन गोळ्या शिल्लक निघाल्या आणि तो त्याच रविवारी खोलीबाहेर. हे मला पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आलं होतं.

तर सत्त्याऐंशी की अठ्ठ्याऐंशी साली मी धाकट्या बहिणीच्या लग्नाला चांद्याजवळच्या आमच्या गावी गेलो. तीन आठवडे. निघायच्या आठवडाभर आधी काकांनी पाकिटं मोजून दिली, डोक्यावर हात ठेवला. पहिली कडू गोळी मी त्यांच्यासमोर घेतली. जिभेवरून जाताना तिनं जीभच सोलून नेली. कडू चव विमान उतरेपर्यंत गेली नाही. गावी पोचलो तर मांडवात मित्र हसायला लागले, काय रे साहेब, आता आपल्या गावच्या डासांची भीती वाटते तुला? मीही हसलो. या डासांच्या अंगाखांद्यावर मी वाढलेला. लहानपणी दरवर्षी दोनदा थंडीताप येई आणि जाई, त्याचं कुणी कौतुक केलं नाही. गोळ्या मी बॅगेत ठेवून दिल्या. परत निघताना वर्धा नदीच्या पुलावर ट्रेन आली तेव्हा दारात उभा राहून एकेक गोळी पाकिटातून दाबून नदीत सोडली. पाकिटं जपून ठेवली. लबाडी करायची तर नीट करावी असं माझं मत होतं.

परत आलो. बॅगा हिरवळीवर, पाकिटं काकांच्या हातावर. त्यांनी प्रत्येक खड्ड्यावरून बोट फिरवलं, समाधानानं मान हलवली. पुढच्या रविवारची गोळी त्यांच्यासमोर तोंडात टाकली आणि गालात धरून माडीवर गेलो. वॉशबेसिनमध्ये थुंकेपर्यंत अर्धा चेहरा वाकडा झाला होता.

नवव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, ऑफिसात मला थंडी वाजली.

थंडी म्हणजे काय ते मी आता अतिशयोक्ती न करता सांगतो, आणि माझ्याकडून हे फार थोड्यांना मिळतं. मी घरी येऊन चार पांघरुणं घेऊन पडलो तर खाली दिवाणखान्यातलं झुंबर हलत होतं असं काकू नंतर म्हणाल्या. दात थांबेनात म्हणून मी मफलर चावून धरला. तासाभरानं थंडी गेली आणि अंगात कुणी शेगडी पेटवली. मग घाम, गादीतून खाली. आणि मग एकदम बरं. मी उठून बसलो, भूकही लागली. हा मधला बरेपणा फार फसवा असतो. मी म्हटलं, गेलं.

शनिवारी सकाळी परत आलं. काकांनी मला जवळच्या सर्जरीत, म्हणजे इथल्या दवाखान्यात, नेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, बाहेर कुठे गेला होतात का. भारतात, म्हटलं. मलेरियाच्या गोळ्या? काका माझ्या शेजारी उभे. सगळ्या घेतल्या, म्हटलं. काकांनी खिशातून रिकामी पाकिटं काढून टेबलावर ठेवली, साक्षीदारासारखी. डॉक्टर हसले. मग फ्लू. सगळीकडे साथ आहे. पॅरासिटामॉल, पाणी, झोप.

पण काका ते काका. घरी आल्यावर म्हणाले, काच घेतल्याशिवाय मला चैन पडणार नाही. जेवणाच्या टेबलावर मायक्रोस्कोप आला. तो नेहमी हिरव्या फ्लॅनेलच्या खोळीत असे आणि काकांशिवाय कुणी त्याला बोट लावायचं नाही हा त्या घरातला दुसरा कायदा. काकूसुद्धा टेबल पुसताना त्याच्या भोवतीनं पुसत. माझ्या बोटाला टोचलं, थेंब पसरला, वाळवला, जांभळा रंग ओतला, धुतला. मग काका वाकले. अर्धा तास. स्क्रू पुढे, स्क्रू मागे. मी पांघरुणात गुंडाळलेला, त्यांच्या पाठीकडे पाहत होतो. खरं सांगतो, मला तेव्हा तापाची नव्हती इतकी चोरी सापडण्याची भीती होती. आता म्हणतील सापडलं. आता म्हणतील नालायका, चालता हो.

ते सरळ झाले. “स्वच्छ आहे,” म्हणाले. “तू गोळ्या घेतल्यास ना? मग असणारच स्वच्छ.”

ती काच त्यांनी लाकडी डबीत ठेवली. मला एवढं हायसं वाटलं की दोन वाट्या भात खाल्ला. काच काही खोटं बोलत नाही. म्हणजे खरंच फ्लू. म्हणजे गावच्या डासांनी मला ओळखलं होतं.

रविवारी मी भिंतीकडे तोंड करून पडून होतो आणि भिंत श्वास घेत होती. शेडमधल्यांसारखीच, अगदी हळू. डोळे पिवळे झाले होते, लघवीचा रंग दुधाविना चहासारखा. काका दारात बॅट घेऊन बसले होते. कशाला, ते त्यांनाही माहीत नसावं. दर तासाला विचारत, “खरं सांग रे. एकही चुकली नाही?” आणि मी दर तासाला म्हणत होतो, नाही काका. आता सांगितलं तर तो खोटेपणा शुक्रवारपासूनचा निघणार, डॉक्टरांसमोरचा निघणार, वर्धेच्या पुलावरचा निघणार. जितका वेळ जाई तितकं सांगणं महाग होई. त्यांच्याही आवाजाला काहीतरी झालं होतं. रोज ज्या आवाजानं रस्त्यावरची कुत्री उठत तो आवाज खोलीत पुरत नव्हता.

सोमवारी दुपारी काकू पेज घेऊन आल्या. वाडगा हातात दिला. मला त्यांच्याकडे ती वस्तू मागायची होती जिनं पेज खातात. मला तिचं नाव आठवेना. मराठीत आठवेना, इंग्रजीत आठवेना. मी हातानं खूण करत राहिलो, तोंडातून दुसरेच शब्द येत होते, दरवाजा, पूल, दरवाजा. काकू माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं की मी मरतोय. काका ज्याला एवढी वर्षं भीत होते ते हेच, आणि ते माझ्या आत बसून जेवत होतं.

“काकू, मी गोळ्या घेतल्या नाहीत,” मी म्हणालो. “गावी गेल्यावर एकही नाही.”

त्यांनी वाडगा काढून घेतला. रागावल्या नाहीत, विचारलं नाही. पदरात खोचलेली सेफ्टी पिन काढली, काडी ओढून टोक तापवलं, माझं बोट धरलं, टोचलं. काकांच्या खोलीतून आणलेल्या नव्या काचेवर थेंब घेतला आणि दुसऱ्या काचेच्या कडेनं असा पसरला, एका झटक्यात, की दुधावर सायीचा पापुद्रा. हा हात पेज ढवळणारा नव्हता. मी त्यांच्यामागे जिन्यावरून बसत बसत, एकेक पायरी घसरत खाली गेलो. का गेलो देव जाणे. वर एकटं राहवत नव्हतं.

काका टेबलाजवळ उभे होते, मायक्रोस्कोपच्या पुढ्यात, दोन्ही हात मागे टेबलाच्या कडेला धरून.

“अगं, मी पाहिलंय. स्वच्छ आहे.”

“यानं गोळ्या घेतलेल्या नाहीत.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी ओरडण्याची वाट पाहिली. ओरडले नाहीत. त्यांचे ओठ हलले आणि ते पुन्हा म्हणाले, “पण काच स्वच्छ होती.”

“बाजूला व्हा,” काकू म्हणाल्या.

आणि तो माणूस बाजूला झाला. काकूंनी काच रंगवली, धुतली, वाळवली, कपाळावर चष्मा सारला आणि वाकल्या. मी मोजत नव्हतो, पण मिनिटसुद्धा झालं नसेल.

“भरलेली आहे. जंतूंच्या अंगठ्या आहेत. एका पेशीत दोन-दोन.” त्यांचा आवाज चहा गार झाला म्हणताना होता तसाच होता. “जीव घेणारी जात आहे. ॲम्ब्युलन्स बोलवा.”

मग त्यांनी हात लांब करून ती लाकडी डबी ओढली, शनिवारची काच काढली आणि मायक्रोस्कोपखाली लावली. काकांनी “ती कशाला” असं काहीतरी पुटपुटलं. काकूंनी पाहिलं.

“हीसुद्धा,” म्हणाल्या.

काका खुर्चीवर बसले. चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत लावला, परत काढला. फोन शेवटी काकूंनीच केला.

हॉस्पिटलात काउंटरवरच्या तरुण डॉक्टरनं नाव, पत्ता, लक्षणं विचारून फ्लूच्या रांगेत बसायला सांगितलं. दुसरा कुठलाही दिवस असता तर काकांनी इमारत दणाणून सोडली असती. त्या दिवशी ते भिंतीशी उभे होते, शाळेत शिक्षा केल्यासारखे. काकूंनी पर्समधून हातरुमालात बांधलेल्या दोन काचा काढल्या, काउंटरवर ठेवल्या आणि म्हणाल्या, धिस इज सॅटर्डे, धिस इज टुडे, यू लुक. त्या पोरानं त्यांच्या साडीकडे पाहिलं, काचांकडे पाहिलं, आणि बहुधा माझ्या डोळ्यांकडे. दहा मिनिटांनी मला तीन जण पळवत वर नेत होते.

क्विनीनची सलाइन चार दिवस चालली. या औषधानं कानात आवाज येतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या वॉर्डात चार दिवस, चोवीस तास, माझ्या दोन्ही कानांत काकांच्या त्या खोलीतल्या सगळ्या पिढ्या गुणगुणत होत्या. मी नर्सला खिडक्या बंद करायला सांगे. खिडक्या बंदच होत्या. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस घरी राहिला असतात तर आम्ही काही करू शकलो नसतो. हे वाक्य मी आजवर कुणालाही वाढवून सांगितलेलं नाही. त्याला वाढवायला जागाच नाही.

काका रोज येत, खुर्चीत बसत, पेपर उघडत. पान मात्र उलटत नसत. पाचव्या दिवशी कानातला आवाज जरा उतरला तेव्हा ते पेपरामागून म्हणाले, “दोन वर्षं झाली. उजव्या डोळ्यानं धूर दिसतो. डाव्यानं त्याहून जास्त.”

मी म्हणालो, “मी गोळ्या वर्धेच्या पुलावरून टाकल्या.”

त्यांनी पेपर थोडा वर केला. मग म्हणाले, “मासे मेले असतील.” आणि पेपर तसाच धरून बसले. पेपर उलटा होता, हे मी आज सांगतोय. तेव्हा नाही सांगितलं.

त्यांनी मला खोलीबाहेर काढलं नाही. पुढे डोळ्यांची ऑपरेशनं झाली, दिसायला लागलं, पण मायक्रोस्कोपकडे ते पुन्हा वळले नाहीत. गार्डनमध्ये डाव घेऊन जात, आणि डावात काही दिसलं की आत येऊन काकूंना विचारत, “अगं, ही तिरकी आहे की आडवी?” भाडेकरूंच्या बॅगा मात्र हिरवळीवर पडतच राहिल्या. फक्त आरडाओरडा कमी झाला. ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पण अजूनही संध्याकाळी खिडकीशी गुणगुण ऐकली की माझा हात बॅट शोधतो.

एक गोष्ट मला खात होती. नागपूरच्या मलेरिया ऑफिसात काच वाचायचं काम काकूंचं होतं, हे मला हॉस्पिटलमधून आल्यावर कळलं. काका गावांतून काचा गोळा करून आणायचे आणि यांच्या टेबलावर ठेवायचे, तिथेच जमलं. अख्ख्या विभागात त्यांच्याइतका तयार डोळा नव्हता, असं काकांनीच सांगितलं, मान खाली घालून. इथे आल्यावर पिंजऱ्याची नोकरी एकच होती आणि ती काकांना मिळाली.

उन्हाळ्यात एकदा काका डाव घेऊन बाहेर गेले असताना मी स्वयंपाकघरात जाऊन बसलो. काकू फरसबी निवडत होत्या. मी म्हटलं, काकू, काकांना दिसत नाही हे तुम्हाला माहीत होतं. काच कशी वाचतात हे तुम्हाला त्यांच्याहून चांगलं माहीत होतं. शनिवारी तुम्ही याच टेबलाच्या पलीकडे उभ्या होतात, मी तुम्हाला पाहिलं होतं. मग ती काच तुम्ही शनिवारीच का नाही पाहिलीत?

काकूंनी एका शेंगेची शीर काढली, शेंग मोडली, भांड्यात टाकली.

“तू म्हणालास घेतल्या. हे म्हणाले स्वच्छ आहे. मला कुणी विचारलं नाही.”